मुखाचे फळ

आपल्या शब्दाने दुसऱ्याचे काय होते, हे आपण शब्बाथशाळेत शिकवतो. नीतिसूत्रे १८:२० मात्र बोलणाऱ्याकडेच वळते : मुखाच्या फळाने माणसाचे स्वतःचे पोट भरते. मूळ इब्री शब्द ‘बेटेन’, म्हणजे पोटच. इब्री ज्ञानी अंतर्यामही तिथेच मानीत. आपणही गुपित पोटातच ठेवतो की! त्याच अध्यायाच्या ८ व्या वचनात चहाडीचे शब्द चविष्ट घासांसारखे पोटाच्या आतल्या खोल्यांत उतरतात. आम्हांला वाटते, चहाडी सांगणाराही उपाशी राहत नाही. मंडळीच्या सभेत कोणाला टोचून बोललो की त्या क्षणी गोड लागते. घरी ताटावर बसलो की घास उतरत नाही. म्हणून शिक्षकांनी मुलाला ‘कोणाला दुखवलेस?’ एवढेच विचारू नये. ‘नंतर तुला जेवण गेले का?’ हेही विचारावे.