नाव नसलेल्या मोटारी

मुंबईच्या उपनगरांत, गोरेगावच्या पूर्वेस आरे कॉलनी आहे. शहरातील दाट वस्तीमधील म्हशींचे गोठे मोकळ्या जागेत हलवावेत व मुंबईकरांस स्वच्छ दूध मिळावे, या हेतूने १९४९ साली ही दुग्धवसाहत वसविण्यात आली. येथील गोठ्यांत म्हशींच्या लांबच लांब रांगा उभ्या असतात. नवख्या माणसास त्या सर्व सारख्याच काळ्या दिसतात. गवळी मात्र आपली म्हैस दुरून ओळखतो. शिंगांचा बाक, कपाळावरील पांढरा टिकला, चालण्याची ढब, एवढ्या खुणा त्यास पुरे होतात. गळ्यात नावाची पाटी नसली, तरी त्याची चूक होत नाही.

या वसाहतीतील एका घरात घडलेली ही गोष्ट आहे. त्या घरातील आजोबांनी दुग्धशाळेच्या यंत्रशाळेत अनेक वर्षे जोडारी म्हणून काम केले होते. त्यांच्याजवळ बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा होता व त्यात खेळण्यातील चार मोटारी होत्या. त्यांपैकी एकीवरही कारखान्याचे नाव नव्हते. आजोबांची नात सातवीत शिकत होती. तिच्या शाळेत जुन्या वस्तूंचे प्रदर्शन भरणार होते. प्रत्येक वस्तूपुढे एक चिठ्ठी ठेवावी व तीत वस्तूचे नाव, ती कोठे व केव्हा तयार झाली ते लिहावे, असा नियम होता.

चारांपैकी एका मोटारीविषयी नातीच्या मनात काही शंकाच नव्हती. ती दोन दारांची, निळ्या रंगाची व तळहातावर मावेल एवढी होती. आजोबांच्या थोरल्या बंधूंनी ती १९७० साली दिवाळीस आणली होती. "ही विलायतेची गाडी आहे, जपून ठेव," असे ते म्हणाले होते. आजोबांनी ती खरोखरच पन्नास वर्षांहून अधिक काळ जपली होती. बंधू आता हयात नव्हते. नातीने सुवाच्य अक्षरांत चिठ्ठी लिहिली : 'विलायती मोटार. इंग्लंड.'

आजोबांनी चिठ्ठी वाचली व ते म्हणाले, "बाळ, दादा म्हणाले म्हणून मी ते मानले. पण प्रदर्शनात लिहायचे, तर आपण तपासून पाहावे. यंत्रशाळेत नाव नसलेला सुटा भाग आला, की आम्ही तीन गोष्टी पाहत असू. तो कशाचा केला आहे, कोणत्या आकाराचा आहे, आणि त्यावर कोणत्या खुणा आहेत."

प्रथम त्यांनी पदार्थ तपासला. पहिली मोटार अगदी हलकी होती. तिचा पत्रा वाकवून कडा एकमेकींत अडकविलेल्या होत्या व लहान जिभा आत मुडपल्या होत्या. नातीने ती उलटी केली, तो आतल्या बाजूस निराळीच रंगीत छपाई दिसली. जुना डबा कापून हे खेळणे केले होते, हे उघड झाले. नातीने वाचले होते, की दुसरे महायुद्ध संपल्यावर जपानमध्ये टाकाऊ डब्यांच्या पत्र्यापासून खेळणी बनवीत. "म्हणजे ही जपानची!" ती आनंदाने म्हणाली. आजोबा हसले. "अगं, डब्याच्या पत्र्याची खेळणी आपल्या देशातील कारागीरही करीत आले आहेत. या खुणेवरून गाडी कशाची केली ते कळते. कोठे केली ते कळत नाही." नातीने चिठ्ठीवर लिहिले : 'पत्र्याची मोटार. कर्ता अज्ञात.'

दुसरी मोटार मालवाहू होती व आकाराच्या मानाने जड होती. तिच्या अंगावर बारीक भेगांचे जाळे पसरले होते आणि एक कोपरा फुगून तुटला होता. ती कोणाच्या हातून पडली असावी, असे नातीस वाटले. परंतु हा आघात बाहेरचा नव्हता, रोग आतला होता. अशी खेळणी जस्ताच्या मिश्रधातूची असतात. जस्तात थोडे अॅल्युमिनिअम मिसळून तो रस पोलादी साच्यात दाबाने भरतात. जस्त शुद्ध असेल, तर खेळणे दीर्घकाळ टिकते. त्यात शिशाचा किंचित अंश जरी मिसळला गेला, तरी वर्षानुवर्षांनी धातू आतून फुगू लागतो, त्यास भेगा पडतात व शेवटी त्याचा भुगा होतो. उष्ण व दमट हवेत हा रोग लवकर बळावतो. आरेच्या पावसाळ्यात भिंतींनादेखील ओल येते, तेथे या मोटारीचा निभाव कसा लागावा? दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या ओतीव खेळण्यांत हा दोष विशेष आढळतो. तेव्हा ही मोटार त्या काळातील असण्याचा संभव आहे. पण नुसत्या भेगांवरून वर्ष सांगता येत नाही.

तिसरी मोटार प्लॅस्टिकची होती. खालून काळी व टपावर पिवळी, असे तिचे रंग होते. येथे आजोबांनी दुसरी कसोटी लावली, ती आकाराची. कोणतीही अनुकृती मूळ वस्तूच्या आधीची असू शकत नाही. म्हणून खेळण्याचा आकार कोणत्या खऱ्या मोटारीचा आहे हे कळले, की त्याच्या वयाची एक मर्यादा निश्चित होते. हा आकार मुंबईच्या रस्त्यांवर पिढ्यान्‌पिढ्या दिसलेला होता. आरेपासून फार दूर नसलेल्या कुर्ला येथे प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कारखान्यात १९६४ पासून ही फियाट तयार होत असे. १९७४ पासून तिला 'प्रीमियर पद्मिनी' हे नाव मिळाले. टॅक्सी म्हणून तिने मुंबईची दीर्घकाळ सेवा केली व २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तिचा शहरातील टॅक्सीचा काळ संपला. रंग मुंबईच्या टॅक्सीचे, आकार कुर्ल्याच्या गाडीचा, तेव्हा हे खेळणे १९६४ पूर्वीचे नव्हे, एवढे निश्चित सांगता आले.

आता चौथी, निळी मोटार उरली. नातीने पट्टीने तिची लांबी मोजली. ती सुमारे ८.६ सेंटिमीटर भरली. मोटारीचा सरळ रेषांचा आकार व समोरील दिवे पाहून आजोबांनी खरी गाडी ओळखली. ती हेरल्ड होती. इटलीचे रेखाकार मिकेलोत्ती यांनी तिची आकृती आखली व १९५९ साली ती इंग्लंडमध्ये 'ट्रायम्फ हेरल्ड' या नावाने विक्रीस आली. १९६१ पासून मद्रासमध्ये तीच गाडी 'स्टँडर्ड हेरल्ड' या नावाने तयार होऊ लागली. खरी हेरल्ड सुमारे ३८९ सेंटिमीटर लांब होती. नातीने भागाकार केला; उत्तर ४५ आले. म्हणजे खेळणे खऱ्या गाडीच्या पंचेचाळिसाव्या हिश्श्याएवढे होते.

या प्रमाणावरून एक दिशा सापडली. इंग्लंडमधील लिव्हरपूल शहरी मेकॅनो नावाचा कारखाना होता. तेथे १९३४ पासून 'डिंकी टॉइज' या नावाने लहान मोटारी विकल्या जात. त्यांच्या पुष्कळ मोटारी साधारण याच प्रमाणाच्या होत्या. शिवाय निळ्या मोटारीच्या खिडक्यांस पारदर्शक काचा होत्या. खेळण्यांतील मोटारींस अशा काचा बसविण्याची प्रथा १९५६ साली 'कॉर्गी टॉइज' या दुसऱ्या ब्रिटिश मोटारींपासून रूढ झाली. सर्व पुरावा जुळत होता. नातीचा चेहरा उजळला. "आजोबा, दादाआजोबांचे म्हणणे खरे ठरले!"

"अजून तिसरी कसोटी राहिली आहे," आजोबा म्हणाले.

नातीच्या शिक्षकांचे एक स्नेही गोरेगावात राहत. त्यांना अशा मोटारी जमविण्याचा छंद होता. त्यांच्याकडे खरी डिंकीची हेरल्ड होती. रविवारी आजोबा व नात आपली मोटार घेऊन त्यांच्याकडे गेले. दोन्ही मोटारी शेजारी शेजारी ठेवल्या, तेव्हा त्या जुळ्या भावंडांसारख्या दिसल्या. दारांच्या रेषा, दिव्यांची ठेवण, सारे एकाच जागी होते. दोन्ही एकाच साच्यातून निघाल्या असाव्यात, यात शंका उरली नाही. परंतु नातीने भिंग लावून पाहिले, तो निळ्या मोटारीवरील रेषा बोथट दिसल्या. रंग जाड थरांचा होता. तिने मोटार उलटी केली. डिंकीच्या तळावर जेथे कारखान्याचे व देशाचे नाव उठून दिसत होते, नेमक्या त्याच जागी निळ्या मोटारीच्या तळावर एक खडबडीत, रिकामा पट्टा होता. नाव झिजून गेलेले नव्हते. साच्यातूनच ते काढून टाकले होते.

त्या स्नेह्यांनी याचे कारण सांगितले. लिव्हरपूलच्या कारखान्याने आपले काही जुने साचे १९७० च्या सुमारास कलकत्त्यातील व्यावसायिकांस विकले. त्या साच्यांतून तेथे मोटारी ओतून 'निकी टॉइज' या नावाने भारतात विकल्या जाऊ लागल्या. साच्यावरील मूळ नाव खोडणे किंवा बदलणे त्यामुळे भाग पडले. साचे बराच काळ वापरलेले असल्याने नव्या मोटारींच्या रेषा तितक्या ठसठशीत उमटत नसत. त्या साच्यांत हेरल्डचाही साचा होता.

घरी परतताना नात गप्प होती. पन्नास वर्षे विलायती म्हणून जपलेली मोटार विलायती नव्हती. आजोबांना वाईट वाटले असेल, या विचाराने तिने हळूच विचारले, "आजोबा, पहिलीच चिठ्ठी ठेवू का? प्रदर्शनात कोणाला काही कळणार नाही."

आजोबा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्या वर्षी दादा रेल्वेच्या कामासाठी काही महिने कलकत्त्यास होते. आज मला ते आठवले. तेथील एखाद्या दुकानदाराने त्यांना विलायती माल म्हणून सांगितले असेल, किंवा मला आनंद व्हावा म्हणून तेच तसे म्हणाले असतील. पण इतक्या दुरून त्यांनी माझ्यासाठी गाडी आणली, हे काही खोटे होत नाही. चिठ्ठीवर मात्र आपल्याला जे दिसले तेच लिही."

घरी धाकटा भाऊ रंगाची डबी घेऊन वाट पाहत बसला होता. प्रदर्शनापूर्वी सर्व मोटारी रंगवून नव्यासारख्या कराव्यात, अशी त्याची इच्छा होती. नातीने त्यास थांबविले. जुना रंग, गंज, झिजलेली चाके, या सर्व साक्षी होत. त्यांवर नवा रंग चढला, की साक्षी कायमच्या मुक्या होतात. तिने मोटारींवरील धूळ मऊ कुंचल्याने झाडली व नंतर हात साबणाने धुतले. कारण जुन्या खेळण्यांच्या रंगात पुष्कळदा शिसे असते व ते पोटात गेल्यास अपायकारक ठरते.

त्या रात्री तिने चौथी चिठ्ठी नव्याने लिहिली : 'हेरल्ड मोटार. प्रमाण पंचेचाळिसास एक. साचा : लिव्हरपूल. ओतकाम : बहुधा कलकत्ता, १९७० च्या सुमारास. तळावरील नाव साच्यातूनच काढलेले आहे. थोरल्या बंधूंची दिवाळीची भेट.'

'बहुधा' हा शब्द तिने पुनःपुन्हा वाचून पाहिला व तो तसाच ठेवला. आजोबांनी चिठ्ठी हाती घेतली, शेवटची ओळ दोनदा वाचली आणि ती निळ्या मोटारीखाली नीट सरकवून ठेवली.

अभ्यास

१. नाव नसलेली वस्तू ओळखण्यासाठी आजोबांनी कोणत्या तीन कसोट्या सांगितल्या?
२. डब्याच्या आतील छपाईवरून पत्र्याची मोटार जपानी ठरली नाही, याचे कारण सांगा.
३. 'अनुकृती मूळ वस्तूच्या आधीची असू शकत नाही.' हे विधान पद्मिनीच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
४. निळ्या मोटारीच्या चिठ्ठीत 'बहुधा' हा शब्द का आवश्यक होता?
५. तुमच्या घरातील एक जुनी, नाव नसलेली वस्तू निवडा. तिचे निरीक्षण करून प्रदर्शनासाठी चिठ्ठी लिहा. निश्चित काय व संभाव्य काय, ते वेगळे दाखवा.