मांडीची शीर व कमरेचें दुखणें

कमरेंतून निघून मांडीच्या मागच्या बाजूनें पोटरींत व घोट्यापर्यंत उतरणारी कळ आपल्या खेड्यांत नवी नाहीं. आयुर्वेदांत तिला गृध्रसी म्हटलें आहे. डॉक्टर सायटिका म्हणतात. रोगी पाय दुखतो असें सांगतो, म्हणून घरचीं माणसें पायच चोळतात, आणि कोणी घोट्याजवळ डागही देतात. परंतु, वाचकहो, कळ पायांत वाटली तरी तिचें मूळ बहुधा कमरेंत असतें.

कमरेच्या खालच्या मणक्यांतून व त्याखालील त्रिकास्थींतून निघणारे तंतु एकत्र होऊन शरीरांतील सर्वांत जाड मज्जातंतु बनतो. लोक त्यास शीर म्हणतात, पण त्यांतून रक्त वाहत नाहीं. म्हणून शीर फोडून दूषित रक्त काढण्याची कल्पना निराधार आहे. (याकोब लंगडूं लागला त्या कथेवरून, उत्पत्ति अध्याय ३२, यहूदी लोक जनावराचा हाच तंतु खाण्याचें वर्ज्य करतात.) दोन मणक्यांमध्यें एक चकती असते. तिचें वेष्टन चिवट व आंतील गर मऊ असतो. वय, बिडी आणि वांकून ओझें उचलणें यांमुळें वेष्टन झिजून फाटतें व गर बाहेर येऊन तंतूच्या मुळास दाबतो. ही कळ सांध्याची नसून मज्जातंतूची आहे, असें नेपल्सच्या कोतुन्यो या वैद्यानें १७६४ सालीं लिहिलें. चकतीचा दोष मात्र बॉस्टनच्या मिक्स्टर व बार यांनीं १९३४ सालीं दाखवून दिला.

बुलढाणा जिल्ह्यांतील शेतकामें कमरेची परीक्षाच पाहतात. सोयाबीन सोंगतांना दिवसभर वांकावें लागतें. मग कापसाची वेचणी येते. वेचणाऱ्या बाया कमरेस ओटी बांधतात, आणि ती भरत गेली कीं पाठीवर ताण वाढत जातो. ओटी अर्धी भरतांच रिकामी करावी. मजुरी किलोवर मिळते, त्यामुळें हें सांगणें सोपें व करणें अवघड आहे, हें आम्ही जाणतों. म्हणून कापसाचा ढीग वेचणाऱ्यांच्या जवळ ठेवण्याची काळजी शेतमालकानेंच घ्यावी. खामगांव-मलकापूरच्या बाजारांत पोतीं उचलणाऱ्यांनीं गुडघे वांकवून, पोतें अंगाशीं धरून उचलावें. उचलतांना कंबर पिळूं नये.

दुखणें आलेंच, तर महिनाभर खाटेवर पडून राहूं नये. एकदोन दिवस विसांवा घेऊन सोसेल तितकें चालावें. ऊन शेक घ्यावा, आणि कुशीवर निजतांना गुडघ्यांमध्यें घोंगडीची घडी ठेवावी. बहुतेकांचा त्रास सहा ते बारा आठवड्यांत ओसरतो. दुकानांतील वेदनाशामक गोळ्या मनानें रोज खाऊं नयेत. त्यांनीं पोट व मूत्रपिंड बिघडतात.

मात्र लघवी अडली, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला किंवा पाऊल उचलेनासें झालें, तर त्याच दिवशीं जिल्हा रुग्णालय गांठावें. उशीर झाल्यास दोष कायमचा राहूं शकतो. ताप येत असेल, वजन घटत असेल व रात्रीं पाठ अधिक दुखत असेल, तर मणक्याच्या क्षयाची तपासणी करून घ्यावी. त्यावर औषध आहे, आणि सरकारी दवाखान्यांत तें विनामूल्य मिळतें.