परसबागेतील पिवळी कण्हेर : बी गोळा करणे, राखणे व पेरणे

नागपूर शहराच्या दक्षिण अंगास असलेले हुडकेश्वर हे मूळचे खेडे. शहर वाढत येऊन त्याला भिडले आणि कित्येक शेतांचे लेआउट झाले, तरी घरापुढे चार हात जमीन फुलझाडांकरिता राखण्याची जुनी रीत या भागातून अद्याप गेलेली नाही. अशा अंगणात पिवळी कण्हेर हटकून दिसते. हिलाच बिट्टी म्हणतात. श्रावणी सोमवारी महादेवाला वाहण्यास तिची फुले मिळतात, वैशाखात पाण्याची ओढ पडली तरी ती तग धरते आणि गुरे सहसा तिला तोंड लावीत नाहीत. म्हणून कुंपणासही ती सोयीची. रोप विकत आणण्याचे कारण पडत नाही. शेजारच्या घरून दहा-पाच बिया मागून आणल्या की काम होते. या झाडापासून अपघाताचा खरा संभव आहे तो याच देवघेवीत. झाडावरून उतरल्यापासून मातीत जाईपर्यंत बी जितके दिवस घरात राहते, तितके दिवस ते मुलांच्या हाती लागण्याची धास्ती असते.

पिवळ्या कण्हेरीचे मूळ स्थान उष्ण कटिबंधातील अमेरिका होय. तिच्या पाना-फुलांत, सालीत, चिकात आणि सर्वांत अधिक बियांच्या मगजात हृदयावर परिणाम करणारी विषे असतात. युरोपातील डिजिटॅलिस या फुलझाडातील द्रव्ये याच जातीची आहेत. इंग्लंडातील वैद्य विल्यम विदरिंग यांनी त्या झाडाच्या औषधी उपयोगाविषयीचा ग्रंथ 1785 साली प्रसिद्ध केला, आणि त्याच्याच एका जातभाईपासून काढलेले डिगॉक्सिन आजही हृदयरोगात मोजून मापून देतात. डिजिटॅलिसला थंड हवा मानवते. नागपूरच्या मे महिन्यात ते टिकणार नाही. परंतु त्याच्या विषाचे भावंड आपल्या अंगणात बारमाही उभे आहे, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. हे नाते किती जवळचे आहे हे श्रीलंकेत दिसून आले. डिगॉक्सिनच्या विषबाधेवर तयार केलेले प्रतिद्रव्य पिवळ्या कण्हेरीच्या रुग्णांनाही गुणकारी ठरल्याचे तेथील चाचणीतून 2000 साली प्रसिद्ध झाले. मात्र ते औषध महाग आणि दुर्मिळ आहे. त्याच्या भरवशावर कोणी राहू नये.

तांबडी व पांढरी कण्हेर हे झाड निराळे. तिला लांब शेंगा येतात व त्यांतून केसाळ बी उडते. तीही विषारीच आहे, पण मुलांना मोह पाडते ते पिवळीचे फळ. हे फळ किंचित तिकोनी व गुळगुळीत असून प्रथम हिरवे असते आणि पिकल्यावर काळे पडते. आत एकच कठीण कोय असते व तिच्या पोटात दोन ते चार बिया असतात. हातात धरण्याजोगा आकार असल्यामुळे मुले या कोयी खेळावयास घेतात. कोय अखंड असेतो मगज झाकलेला राहतो. दगडाने फोडली की तो उघडा पडतो. मुलाला मगज चाखून पाहण्यास तेवढे पुरे होते.

बियांकरिता फळे पूर्ण काळी झाल्यावरच घ्यावीत. हिरवी फळे तोडल्यास देठातून पांढरा चीक वाहतो व त्याने कातडीची आग होते. चीक डोळ्यांत गेल्यास वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे डोळे धुवावेत व डॉक्टरांना दाखवावे. रबरी हातमोजे घालून फळे वेचावीत. ती लुगड्याच्या ओच्यात किंवा भाजीच्या टोपलीत न घेता जुन्या बादलीत घ्यावीत. दोन-तीन दिवस पाण्यात ठेवली म्हणजे वरचा मांसल भाग सुटतो. हे पाणी गोठ्याच्या वाटेवर किंवा विहिरीजवळ टाकू नये. बाजूला खड्डा करून त्यात ओतावे आणि वर माती लोटावी. धुतलेल्या कोयी सावलीत वाळवाव्यात. वाळवणाजवळ त्या पसरू नयेत, हे सांगावे लागते याचे कारण घरात ऊन असलेली जागा बहुधा एकच असते.

पाच रोपे हवी असतील तर दहा कोयी राखल्या तरी पुष्कळ झाल्या. राखलेल्या कोयी मोजून घट्ट झाकणाच्या डब्यात घालाव्यात, डब्यावर झाडाचे नाव, ‘विषारी’ हा शब्द व संख्या लिहावी आणि डबा स्वयंपाकघराबाहेर कुलपात ठेवावा. संख्या लिहिण्याचा उपयोग असा की, एखादी कमी झाल्यास ते लगेच कळते. कागदाच्या बिननावाच्या पुडीत बी देण्याची पद्धत मात्र सोडलीच पाहिजे. पुडी फडताळात पडून राहते आणि सहा महिन्यांनी ती कशाची हे कोणासच आठवत नाही. नावाची गल्लत घरापुरतीच राहते असेही नाही. अमेरिकेत तेहोकोते नावाच्या झाडाचे मूळ म्हणून वजन घटविण्यासाठी विकली जाणारी दहा उत्पादने तपासली असता त्यांपैकी नऊ पिवळी कण्हेर निघाली, असे 2023 साली तेथील आरोग्य खात्याने जाहीर केले.

पेरणी मृगाच्या पावसाच्या सुमारास करावी. अखंड कोय एक दिवस पाण्यात भिजवून माती, वाळू व कुजलेले शेणखत यांनी भरलेल्या पिशवीत बोटाच्या एका पेराइतकी खोल लावावी. कोय फोडून लावल्यास उगवण लवकर होते खरी, परंतु त्यासाठी मगज उघडा करावा लागतो. परसबागेत इतकी घाई कोणाला नसते. अखंड कोयीला काही आठवडे लागतात; तोवर पिशव्या उंचावर, कोंबड्या व लहान मुले पोचणार नाहीत अशा ठेवाव्यात. एका कोयीतून दोन रोपे आल्यास जोमदार ठेवून दुसरे काढावे. फुलांचा ठराविक रंग हवा असेल तर बियांवर भिस्त न ठेवता फांदीची छाटकलमे लावणे बरे.

हुडकेश्वरच्या काळ्या जमिनीत पाणी तुंबते व मुळे कुजतात, याकरिता मुरूम मिसळून उंचवटा करावा आणि त्यावर रोप लावावे. गोठा, चारा कापण्याची जागा, पिण्याच्या पाण्याची टाकी व अंगणवाडीचे आवार यांपासून झाड दूर हवे. हिरव्या फांदीला तोंड न लावणारे जनावर चाऱ्यात मिसळलेली सुकी पाने खाऊन जाते, आणि विष तर सुक्या पानातही असते. छाटलेल्या काड्या चुलीत घालू नयेत, दातवणासाठीही वापरू नयेत.

एवढे करूनही मुलाने मगज खाल्ल्याचा नुसता संशय आला, तरी वेळ दवडू नये. तोंडाची आग, उलट्या, जुलाब, पोटदुखी, चक्कर आणि मंद किंवा अनियमित नाडी ही लक्षणे कित्येकदा काही तासांनी दिसतात. मूल हसतखेळत आहे म्हणून घरी थांबणे हीच मोठी चूक ठरते. चूळ भरवावी, मिठाचे पाणी, दूध, लिंबू असे काही पाजू नये व बोटे घालून उलटी करवू नये. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, किंवा नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयासारख्या, हृदयाच्या ठोक्यांवर यंत्राने नजर ठेवण्याची सोय असलेल्या ठिकाणी मुलाला न्यावे. उरलेले फळ किंवा फुटकी कोय सोबत घ्यावी. डॉक्टरांना ओळख पटण्यास त्याइतकी मदत दुसऱ्या कशाची होत नाही.

पेरून उरलेल्या कोयी पुढच्या वर्षाकरिता ठेवू नयेत. झाड दरसाल नव्या देते. त्या हातभर खोल पुराव्यात, आणि श्रावण संपेपर्यंत झाडाखालची पडलेली फळे दर दोन-तीन दिवसांनी झाडून त्याच खड्ड्यात टाकावीत.