ती वेळ आणि तो वेळ

मुलांनो, काल संध्याकाळी तुम्ही किती वेळ अभ्यास केलात? "दोन तास," असे उत्तर चटकन येईल. पण हे दोन तास तुम्ही मोजलेत की आठवलेत?

बहुधा आठवलेत. वही उघडली तेव्हा साडेचार वाजले होते आणि मिटली तेव्हा साडेसहा. मधला सगळा वेळ आपण अभ्यासाच्या नावावर जमा करून टाकतो. मध्ये दूध आणायला गेलो, पाहुण्यांना पाणी दिले, धाकट्या भावाची समजूत काढली, हे रात्री कोणाच्या लक्षात राहते?

मोठ्यांचेही असेच होते. रॉजर ब्युलर, डेल ग्रिफिन आणि मायकेल रॉस या मानसशास्त्रज्ञांनी १९९४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. कॅनडातील विद्यापीठात शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यांनी विचारले होते, "तुमचा प्रबंध किती दिवसांत पुरा होईल?" सरासरी अंदाज निघाला सुमारे ३४ दिवसांचा. प्रत्यक्षात लागले ५५ हून अधिक दिवस. ही मुले काही आळशी नव्हती. पूर्वीच्या कामाला खरोखर किती वेळ लागला, हे आपण अंदाज करताना विसरतो, एवढेच.

आता थोडे भाषेकडे वळू. उर्दूत 'वक़्त' हा एकच शब्द दोन कामे करतो. मराठीत मात्र 'वेळ' हा शब्द दोन लिंगांत चालतो, आणि लिंग बदलले की अर्थही बदलतो. "परीक्षेची वेळ झाली" असे म्हणताना घड्याळातला एक क्षण सांगायचा असतो. ही 'ती वेळ'. "पेपर सोडवायला खूप वेळ लागला" यात कालावधी आहे. हा 'तो वेळ'. मराठी शिकताना हा भेद सर्वांनाच त्रास देतो. पण आपल्या आजच्या विषयाची किल्ली त्यातच आहे. 'ती वेळ' लिहून ठेवली, तर 'तो वेळ' वजाबाकीने मिळतो.

हिशेब, तारीख, जमा, खर्च, बाकी हे शब्द तुम्हांला परके नाहीत. मराठी व्यापारी रोजच्या व्यवहारांच्या वहीला 'रोजकीर्द' म्हणत आले आहेत. त्यातला 'रोज' तर तुम्ही लगेच ओळखाल. पैशांची अशी रोजकीर्द असते, तशी वेळेचीही ठेवता येते. त्यासाठी शाळेच्या संगणकावरील अगदी साधे साधन पुरते. त्याला टेक्स्ट एडिटर म्हणतात. तो फक्त अक्षरे साठवतो. चित्रे नाहीत, नक्षी नाही. विंडोज असलेल्या संगणकावर 'नोटपॅड' नावाचा टेक्स्ट एडिटर असतोच.

नोटपॅड उघडा आणि कळफलकाच्या वरच्या रांगेतील एफ-पाच ही कळ दाबा. त्या क्षणाची वेळ आणि तारीख आपोआप उमटेल. तिच्यापुढे कामाचे नाव लिहा. काम बदलले, थांबले किंवा पुन्हा सुरू झाले, की नव्या ओळीवर पुन्हा तीच कळ. आणखी एक गंमत आहे. फाईलच्या अगदी पहिल्या ओळीत एक टिंब आणि त्याला लागून एल, ओ, जी ही तीन मोठी इंग्रजी अक्षरे लिहा, फाईल जतन करा आणि बंद करा. यापुढे ती फाईल जेव्हा जेव्हा उघडाल, तेव्हा शेवटी वेळ आणि तारीख आपणहून लिहिलेली दिसेल.

तुम्ही उर्दूत नोंद करणार असाल, तर दोन गोष्टी सांभाळा. उर्दू उजवीकडून डावीकडे चालते आणि आकडे डावीकडून उजवीकडे. एकाच ओळीत सुरुवातीची आणि शेवटची अशा दोन वेळा लिहिल्या, तर पडद्यावर त्यांची अदलाबदल झालेली दिसू शकते. म्हणून एका ओळीत एकच वेळ लिहावी. दुसरे, जुन्या संगणकावर फाईल जतन करताना 'यूटीएफ-आठ' हा पर्याय निवडा. नाहीतर उर्दू काय आणि मराठी काय, सगळ्या अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे येतील!

समजा, एका संध्याकाळची तुमची फाईल अशी झाली :

४:३० गणित, सरावसंच
४:५५ काम थांबले, दूध आणायला
५:२० गणित पुन्हा
५:४० मराठी निबंध
५:५० काम थांबले, पाहुणे आले
६:१५ निबंध पुन्हा
६:३० बंद

आता वजाबाकी करा. मात्र ५.२० मधून ४.५५ वजा करून ०.६५ असे उत्तर काढू नका. तास शंभर मिनिटांचा नसतो, साठांचा असतो. ४:५५ पासून ५:०० पर्यंत ५ मिनिटे आणि पुढची २०, म्हणजे २५. या रीतीने गणिताला ४५ मिनिटे मिळाली, निबंधाला २५. दोन्ही मिळून १ तास १० मिनिटे. उरलेली ५० मिनिटे दूध आणि पाहुणे यांत गेली.

या बेरजेला एवढे महत्त्व का द्यावे? एखादी मुलगी घरी म्हणते, "मी रोज दोन तास बसते, तरी गणित जमत नाही." ऐकणारे म्हणतात, "मग तुला गणित येणारच नाही." पुढे तिलाही ते खरे वाटू लागते. फाईल वेगळेच सांगते. गणिताला दोन तास मिळालेच नव्हते. पाऊण तास मिळाला, तोही तुकड्यातुकड्यांत. अशी आठवडाभराची नोंद हातात असेल, तर तिला अम्मींना दाखवता येईल, "दूध भाईजानने आणले, तर माझा हा वेळ वाचेल." तक्रारीपेक्षा आकड्याशी भांडणे अवघड असते.

ही गोष्ट एका घरापुरती नाही. भारत सरकारने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. पहाटे ४ पासून दुसऱ्या दिवशीच्या पहाटे ४ पर्यंत कोणी काय केले, हे अर्ध्या-अर्ध्या तासाने विचारून नोंदवले गेले. बिनमोबदला घरकाम करणाऱ्यांपैकी स्त्रियांचा दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ त्यात जात होता, पुरुषांचा ९७ मिनिटे. अंदाजाने बोलत राहिलो असतो, तर हा फरक इतका स्पष्ट कधीच झाला नसता.

ज्यांचे सारे कामच संगणकावर चालते, त्यांच्यासाठी याहून हुशार सोयी आहेत. 'ईमॅक्स' नावाच्या टेक्स्ट एडिटरमध्ये 'ऑर्ग मोड' हा भाग आहे. कार्स्टेन डोमिनिक या खगोलशास्त्रज्ञाने २००३ साली स्वतःची टिपणे नीट राहावीत म्हणून तो लिहायला घेतला. तो मोफत मिळतो. कामाच्या नावावर जाऊन, कंट्रोल कळ दाबून धरून, सी, एक्स आणि आय दाबले की घड्याळ सुरू होते. शेवटी आयऐवजी ओ दाबला की थांबते. वजाबाकी तोच करतो आणि आठवड्याचा तक्ताही मांडून देतो. तुम्ही घड्याळ चालू ठेवून उठून गेलात, तर परत आल्यावर मधली मिनिटे धरायची की वगळायची, असे विचारण्याची सोयही त्यात करून घेता येते.

तरी नोटपॅड काय किंवा ऑर्ग मोड काय, किती वेळ बसलात एवढेच ते सांगतील. किती समजले ते नाही. आणि दिवसभराच्या नोंदी रात्री एकदम भरू नका. तसे केले, तर फाईलमध्ये पुन्हा आठवणीतलेच दोन तास येऊन बसतील.

स्वाध्याय

१. 'ती वेळ' आणि 'तो वेळ' यांतील फरक दाखवणारी प्रत्येकी दोन वाक्ये लिहा.
२. रात्री एकदम नोंदी भरू नयेत, असे लेखक का म्हणतो?
३. संगणक नसेल, तर हीच नोंद वहीत कशी ठेवाल? उद्या संध्याकाळची नोंद ठेवून वर्गात आणा.
४. वजाबाकी करा : ३:४८ ते ५:१५.