टिकलीचा मासा व त्याचें संगोपन

कोंकणांतील भातखाचरें, पाट, देवळांचीं तळीं व बागाइतांतील विहिरी यांच्या पाण्यांत अगदीं पृष्ठभागाशीं निश्चल राहणारा एक लहान मासा बहुतेक शेतकरी बंधूंनीं पाहिला असेल. त्याच्या माथ्यावर चांदीच्या टिकलीसारखा चकाकणारा एक ठिपका असतो व वरून पाहतां प्रथम तोच दृष्टीस पडतो. या माशास गांवोगांव निरनिराळीं नांवें आहेत. या लेखापुरतें आम्ही त्यास टिकलीचा मासा असें म्हणूं. शास्त्रांतील त्याचें नांव अप्लोकायलस लिनिएटस असें आहे. व्हालांसिएन नामक फ्रेंच मत्स्यशास्त्रज्ञानें १८४६ सालीं त्याचें जें पहिलें वर्णन प्रसिद्ध केलें, तें मुंबईहून नेलेल्या माशांवरून केलेलें होतें. म्हणजे हा सर्वस्वीं आपल्याच मुलखांतला मासा. परदेशच्या शौकिनांनीं त्यास काचेच्या हौदांत बसविलें, आणि आपण मात्र शहरांतील दुकानांतून परदेशी मासे विकत आणतों!

वरून पाहतां हा मासा मातकट दिसतो, म्हणून त्याची कोणी फारशी पर्वा करीत नाहीं. परंतु त्यास काचेच्या भांड्यांत ठेवून बाजूनें पाहावें, म्हणजे त्याचें रूप कळतें. अंगावर सोनेरी व हिरवट ठिपक्यांच्या ओळी, शेपटीकडील भागावर काळसर उभे पट्टे, आणि नराच्या परांना तांबूस कडा. मादी रंगानें फिकी असून तिच्या अंगावर पट्टे अधिक असतात व पाठीवरील पराच्या मुळाशीं एक काळा डाग असतो. या डागावरून ती चटकन ओळखतां येते. पूर्ण वाढीचा मासा फार तर १० सेंटिमीटर भरतो, बहुधा त्याहून लहानच. केरळांत याच जातीचा एक धाकटा भाऊ सांपडतो, तो ५ सेंटिमीटरांच्या आसपासच राहतो.

मासा शोधण्यास सकाळची वेळ चांगली. काठाशीं गवत पाण्यांत लोळत असेल व प्रवाह मंद असेल अशा जागीं, आपली सावली पाण्यावर पडणार नाहीं अशा बेतानें उभें राहावें. थोड्याच वेळांत टिकल्या चमकूं लागतात. मच्छरदाणीच्या कापडाची जाळी काठीस बांधून ती माशाच्या पुढून, पाण्याखालून वर आणावी. मागून जाळी घातल्यास तो हमखास उडी मारून निसटतो.

कोणत्या ऋतूंत मासे धरावे याविषयीं आमचें मत स्पष्ट आहे. मृगाच्या पहिल्या पुराबरोबर जे मासे वहाळांतून खाचरांत चढतात, ते अंडीं घालण्यासाठीं चढलेले असतात. त्या वेळीं कोणताही मासा धरणें म्हणजे पेरलेलें बीं उकरून खाणें होय. आश्विन-कार्तिकांत खाचरें आटूं लागलीं म्हणजे डबक्यांत शेंकडों मासे अडकून पडतात व उन्हानें किंवा बगळ्यांच्या चोंचीनें मरतात. पाळण्याकरितां घ्यावयाचे ते यांतूनच घ्यावे. अभयारण्याच्या हद्दींत मात्र परवानगीवांचून जाळी टाकूं नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा तेथें अंमल असतो.

भांडें सुमारें ५० लिटर पाण्याचें असावें. ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद व ३० उंच अशा काचेच्या हौदांत ५४ लिटर पाणी मावतें. तें एक नर व दोन-तीन माद्या यांस पुरेसें होतें. परसांतील सिमेंटची टांकी किंवा दगडी डोणीही चालते. खोलीपेक्षां पृष्ठभागाची रुंदी महत्त्वाची, कारण हा मासा वरच राहतो. भांड्यावर जाळी किंवा झांकण अवश्य पाहिजे. नाहीं तर सकाळीं मासा जमिनीवर वाळलेला सांपडेल. नळाचें पाणी एक दिवस उघडें ठेवून मग वापरावें, म्हणजे त्यांतील क्लोरीन उडून जाईल. आठवड्यास एक चतुर्थांश पाणी बदलावें. सगळें एकदम बदलणें हें अज्ञानाचें लक्षण होय. नवीन मासा आणल्यास त्याचें भांडें अर्धा तास हौदांत तरंगत ठेवून दोन्ही पाणी हळूहळू मिसळावें.

अन्नासाठीं खर्च नाहीं. डांसांच्या अळ्या, वाळवी, लहान किडे, जें पाण्यावर पडेल तें तो खातो. त्याच्या तोंडांत मावतील असे बारीक मासेही तो गिळतो, म्हणून त्यांस वेगळें ठेवावें.

पैदास सोपी आहे. मादी एकदम अंडीं न घालतां कित्येक दिवस रोज थोडीं थोडीं घालते व तीं चिकट तंतूंनीं पाणवनस्पतींस लागून राहतात. तरंगत्या गोंडाळाच्या मुळ्या किंवा स्वच्छ धुतलेला काथ्याचा झुबका टांगल्यास अंडीं त्यांतच सांपडतात. अंडें सुमारें २ मिलिमीटर व्यासाचें असून बोटांनीं उचललें तरी फुटत नाहीं. आईबाप अंडीं व पिलें दोन्ही खातात, तेव्हां झुबका दुसऱ्या भांड्यांत हलवावा. सुमारें दोन आठवड्यांत पिलें बाहेर पडतात. हिरवट झालेल्या जुन्या पाण्यांतील सूक्ष्म जीवांवर तीं आरंभीं वाढतात. मोठीं पिलें धाकट्यांस खाऊं लागतात, म्हणून आकारमानानुसार त्यांची निवड करावी.

धरण्यापेक्षां पैदास बरी, हें ब्रह्मदेशांतील एका उदाहरणावरून पटेल. २००६ सालीं त्या देशाच्या शान प्रांतांत होपोंग गांवाजवळील उथळ, गवताळ डबक्यांत जेमतेम २ सेंटिमीटरांचा, निळसर अंगावर मोत्यांसारखे ठिपके असलेला एक नवा मासा सांपडला. शौकिनांची अशी कांहीं झुंबड उडाली कीं, थोड्याच महिन्यांत त्याचा निर्वंश होतो कीं काय अशी भीति उत्पन्न झाली. पुढें इतर डबक्यांतही तो सांपडला व लोक घरीं त्याची पैदास करूं लागले, म्हणून निभावलें.

आपल्या टिकलीच्या माशाचें संकट निराळें आहे. सिंथेटिक पायरेथ्रॉइड जातीचीं कीटकनाशकें माशांस अत्यल्प प्रमाणांतही मारक असतात. खाचरांत फवारा मारून लगेच मोरी सोडली कीं, खालच्या वहाळांतील मासे तरंगूं लागतात. फवारणीनंतर कांहीं दिवस पाणी बांधांतच अडवून ठेवणें एवढेंही पुष्कळ होय. विहिरींत टी. सी. एल. पावडर टाकावयाची असेल तर आधीं मासे काढून घ्यावे. तिसरें संकट उपकाराच्या नांवानें आलें आहे. डांसांच्या नाशासाठीं १९२८ सालीं इटलींतून गॅम्बुशिया नांवाचा मूळ अमेरिकेंतला मासा हिंदुस्थानांत आणला गेला, व दक्षिण अमेरिकेंतील गप्पीही सर्वत्र सोडण्यांत आली. गॅम्बुशिया इतर माशांचे पर कुरतडतो व अंडीं-पिलें खातो. डांसांच्या अळ्या खाणारा मासा घरचाच असतां हे पाहुणे वाहत्या पाण्यांत सोडण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं. बंद हौदांत ते ठेवावयाचे असल्यास पुराचें पाणी तेथें पोहोंचत नाहीं याची खात्री करून घ्यावी.

वाढविलेलीं पिलें जास्त झाल्यास ज्या वहाळाचे आईबाप असतील त्याच वहाळाच्या पाणलोटांतील विहिरींत व तळ्यांत तीं द्यावीं. मात्र देण्यापूर्वीं दोन आठवडे तीं वेगळीं ठेवून अंगावर पांढरे ठिपके किंवा कापसासारखी बुरशी नाहीं ना, हें पाहावें. एका विहिरीस आठ-दहा मासे प्रथम पुरे होतात. पाण्यावर सांवली व काठाशीं थोडी पाणवनस्पति असल्यास ते तेथेंच वाढतात.