श्यामच्या आईचे लुगडे : पुस्तकातून पडद्यावर

पुस्तकातले पात्र वाचकाच्या मनात वावरत असते तोवर त्याच्या अंगावर नेमके काय आहे, हे कोणी विचारीत नाही. तेच पात्र पडद्यावर किंवा रंगमंचावर आले की त्याला काहीतरी नेसवावेच लागते. लेखकाने जे सांगितले नाही ते दुसऱ्या कोणाला तरी ठरवावे लागते. बालवाङ्मयात ही जबाबदारी अधिकच मोठी असते, कारण लहानपणी पाहिलेले रूप पुढे जन्मभर त्या पुस्तकाला चिकटून राहते.

इंग्रजी वाङ्मयातील ॲलिसचे उदाहरण घ्या. १८६५ साली पुस्तक निघाले तेव्हा टेनिएलची चित्रे काळ्या शाईतली होती. १८९० साली लहान मुलांसाठी काढलेल्या रंगीत आवृत्तीत ॲलिसचा झगा पिवळा होता. १९५१ साली डिस्नेने तो निळा केला आणि आज जगभर ॲलिस निळीच आहे. मात्र झगा पिवळा असो वा निळा, ॲलिसच्या कथेला त्याने धक्का लागत नाही.

आपल्याकडे भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे असाच. १९८७ साली दूरदर्शनच्या मालिकेत सुमीत राघवनने तो शाळकरी मुलगा म्हणून उभा केला. २०१७ च्या चित्रपटात अमेय वाघने त्याला आजचा तरुण केले. कपडे काळाप्रमाणे बदलले तरी फेणे ओळखू येतो, कारण त्याची ओळख त्याच्या चपळाईत आणि कुतूहलात आहे.

‘श्यामची आई’ची गोष्ट मात्र वेगळी आहे. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले आणि १९३५ साली प्रसिद्ध झालेले हे पुस्तक कपड्यांच्या दृष्टीने पुन्हा वाचून पाहावे. वडिलांचे धोतर फाटले म्हणून आई भाऊबीजेच्या ओवाळणीचे पैसे त्यांच्या नव्या धोतरासाठी खर्च करते. धाकट्या भावासाठी श्याम खाऊचे पैसे साठवून कोट शिवून घेतो. आणि तो सर्वांना ठाऊक असलेला प्रसंग : न्हाऊन झालेल्या श्यामच्या तळव्यांना माती लागू नये म्हणून आई आपल्या लुगड्याचे ओचे धोंड्यावर पसरते. मनालाही असेच जप, हा उपदेश त्यानंतर येतो. या घरात माया शब्दांपेक्षा वस्त्रांतून अधिक व्यक्त होते. म्हणून येथे पोशाख ही बाहेरची सजावट राहत नाही. तो चुकला तर कथाच चुकते.

१९५३ साली आचार्य अत्रे यांनी या पुस्तकावर चित्रपट काढला. राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळविणारा तो पहिला चित्रपट. त्यात आईची भूमिका वनमाला यांनी केली. याच वनमाला १९४१ सालच्या ‘सिकंदर’मध्ये रुखसाना या इराणी तरुणीच्या वेषात प्रेक्षकांनी पाहिल्या होत्या. त्याच नटीला आता गरीब घरातल्या कोकणी गृहिणीचे लुगडे नेसायचे होते. श्यामच्या भूमिकेत माधव वझे होते.

पुढे २०२३ साली सुजय डहाके यांनी पुन्हा ‘श्यामची आई’ केला. गौरी देशपांडे आई झाल्या, ओम भूतकर साने गुरुजी. हा चित्रपटही कृष्णधवल आहे. अत्र्यांच्या काळी कृष्णधवल ही चालू रीत होती. डहाक्यांच्या काळी ती जाणीवपूर्वक केलेली निवड ठरते. वेषभूषेच्या दृष्टीने ही निवड महत्त्वाची वाटते. रंग गेला की लुगडे ‘सुंदर’ दिसण्याचा मोह आपोआप कमी होतो. उरते ते कापडाचे वजन, त्याच्या चुण्या आणि त्याची जीर्णता. कथेला हवे असते तेवढेच.

हा विचार आपल्या जामखेडसारख्या गावी केवळ चित्रपटांपुरता नाही. शाळा-महाविद्यालयांच्या संमेलनांत या पुस्तकातील प्रसंग बसविले जातात. तेव्हा भाड्याने आणलेले, जरीकाठी, तयार शिवलेले नऊवार आईला घालण्याचा मोह होतो. प्रकाशझोतात ते उठून दिसते खरे. पण शिवलेल्या नऊवारीचे ओचे पसरायचे कसे? आणि भाड्याचे रेशमी वस्त्र दगडावर टाकताना नटीचा हात अडखळणारच. आईचा हात तेथे अडखळत नाही, हेच तर त्या प्रसंगाचे मर्म आहे.

यावर उपाय खर्चिक नाही. आपल्या तालुक्यात रोज नऊवार नेसणाऱ्या आज्या अजून आहेत. एखादीचे वापरून मऊ झालेले सुती लुगडे मागून आणावे आणि ते नेसायला तिच्याकडूनच शिकावे. घाटावरच्या शेतकरी बाईची नेसण आणि कोकणातील ब्राह्मण घरची नेसण एक नव्हे, एवढे मात्र ध्यानात ठेवून त्यात फरक करावा. श्यामलाही नवा कोरा सदरा न देता धुऊन विटलेला द्यावा.

थोडक्यात, बालवाङ्मयातील पात्राचा पोशाख बदलण्यास हरकत नसते. पण तो कथेत काय काम करतो हे आधी पाहिले पाहिजे. ॲलिसचा झगा कोणत्याही रंगाचा चालेल. श्यामच्या आईचे लुगडे मात्र असे हवे, की ते क्षणाचाही विचार न करता धोंड्यावर पसरता आले पाहिजे.