विम्याचं कार्ड आणि घरी जाणारा मेसेज

प्रश्न : मी अलिबागला राहते. वय २१, अविवाहित. वडिलांच्या कंपनीच्या आरोग्य विम्यात माझं नाव आहे. गर्भपात करून घेतला तर घरी कळेल का?

उत्तर : रुग्णालयाकडून कळता कामा नये. १८ वर्षं पूर्ण झालेल्या स्त्रीची स्वतःची संमती पुरते. आईवडिलांची सही मागण्याला कायद्यात आधार नाही. गर्भपात कायद्यातल्या २०२१च्या दुरुस्तीनुसार स्त्रीचं नाव उघड करणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. नाव फक्त दाखल-नोंदवहीत लिहायचं; केसपेपरवर, शस्त्रक्रियागृहाच्या रजिस्टरमध्ये केवळ अनुक्रमांक. काउंटरवर कुणी कारण मोठ्याने विचारलं, तर डॉक्टरांशीच बोलेन म्हणून ठाम सांगा.

खरी फट विम्यात आहे. कार्ड दाखवलं की मंजुरीचा मेसेज सहसा मुख्य विमाधारकाच्या, म्हणजे वडिलांच्या मोबाइलवर जातो. दावा खरा आहे का, हे कंपनीने तपासावं, हे रास्तच. पण त्यासाठी उपचाराचा तपशील सज्ञान रुग्णाऐवजी तिसऱ्याच्या हाती का पडावा? शिवाय प्रसूतीचं संरक्षण नसलेल्या पॉलिसीत कायदेशीर गर्भपाताचा खर्च बहुधा वगळलेलाच असतो. म्हणजे पैसे मिळत नाहीत, बातमी मात्र पोचते. म्हणून कार्ड दाखवूच नका. त्याऐवजी अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात गर्भपाताच्या सोयीची चौकशी करा.

पालकांना कळायलाच हवं, असं काहीजण कळकळीने म्हणतात. तुम्हाला आईला सांगावंसं वाटलं तर जरूर सांगा. पण कळण्याच्या धास्तीने मुली दिवस घालवतात, दुकानातून परस्पर गोळ्या घेतात. नऊ आठवड्यांपर्यंत डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळ्यांनी गर्भपात होऊ शकतो, तेव्हा याच आठवड्यात जा.